ठेवायला दिलेल्या तारखा

३ सप्टेंबर १९९९, सांगली
आज र.पूर ऑफिसात आलं. (नवऱ्याचं नाव या वहीत लिहायचं नाही असं ठरवलंय. त्याचं गाव पुरे, रहिमतपूर, तेही अर्धं.) दोन माणसं समोर बसली होती, त्यांच्या देखत माझी वेणी धरून मला खुर्चीतून ओढलं. मी कॉम्प्युटरचं झाकण उघडत होते, हातात स्क्रूड्रायव्हर. तो त्याच्या पंजात घातला. आरपार नाही गेला, पण गेला. बोंबलत जिना उतरला. की-बोर्डवर रक्त. स्पिरिटनं पुसलं तरी दोन बटणं चिकटतात.
वाईट अजिबात वाटलं नाही.

४ सप्टें.
दादा दिवसभर गप्प. वहिनी त्याच्या वाटचं बोलली. र.पूरहून नवऱ्याच्या चुलत्यांचा फोन आला होता म्हणे, पोरीला नांदायला पाठवा नाहीतर पोलिसात जातो. जेवण झाल्यावर दादानं निकाल दिला.
"शोभे, दिवाळीपर्यंत तुझा हा फायली ठेवायचा धंदा स्वतःच्या पायावर उभा राहिला तर तू इथं. नाहीतर मी स्वतः तुला रहिमतपूरला सोडून येणार."
सगळं दादाच्याच घरात, पुढच्या खोलीत त्याचा टायपिंग क्लास, मागच्या खोलीत मी. भिंतीपलीकडून दिवसभर टकटक. आज ती टकटक ऐकून टाइपरायटर उचलून खाली रस्त्यावर फेकावासा वाटला.

९ सप्टें.
मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका अडत्याला सगळं पहिल्यापासून समजावलं. तुमच्या कॉम्प्युटरवरची फाईल फोनच्या वायरीनं माझ्याकडे येते. मी ती टेपवर उतरवून कपाटात ठेवते. तुमचं मशीन जळो, चोरीला जावो, पुरात जावो, फाईल माझ्याकडे सुखरूप. शिवाय दोन हजार साल लागताना सगळे कॉम्प्युटर बसणार म्हणतात, तीही भीती घातली. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. मग विचारलं, "आणि तुमचंच जळलं तर?"
चहा पिऊन गेले. डोकं फिरलं. प्रश्न बरोबर होता म्हणून जास्त फिरलं. प्रत्येक टेपची दुसरी प्रत दुसरीकडे कुठंतरी ठेवायला हवी. टेप महाग. पुढच्या महिन्यात बघू.

१४ सप्टें.
काल गणपती बसले. महेशचं पत्रक हातात पडलं. हा गेल्या वर्षीपर्यंत माझ्याबरोबर इथंच, याच खोलीत. मॉडेम कसा लावायचा ते माझ्याकडून शिकला आणि साताऱ्याला जाऊन दुकान थाटलं. आता म्हणतो, इंटरनेटवर फायली ठेवा, जगात कुठूनही काढा, पहिलं वर्ष फुकट. स्वतःकडे एक टेप नाही त्याच्या. जागा मुंबईच्या कुठल्याशा कंपनीची, हा नुसता दारात उभा. आणि तरी माझी दोन गिऱ्हाइकं त्याच्याकडे गेली.
पत्रक फाडलं. तुकडे पुन्हा जुळवून वाचले. छान लिहिलंय मेल्यानं.

२० सप्टें.
पलूसच्या पुढं, साखर कारखान्याच्या गट ऑफिसात. मॉडेम बंद पडला होता. गट अधिकारी घोरपडे माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, दर शनिवारी न चुकता फाईल पाठवतात. कुणाच्या उसाची लागण, म्हणजे लावणी, कुठल्या तारखेची, एवढंच त्यात. पण ज्याची लागण आधी त्याची तोड आधी, म्हणून त्या तारखेवर माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात. ऊस मागं राहिला की तुरा येतो, वजन घटतं, वर्षाची मेहनत वाळून जाते.
मी टेबलाखाली वायरी लावत असताना वर भांडण पेटलं. उन्हाळ्यात भरलेल्या तारखांत डायरेक्टरच्या पाव्हण्यांचा ऊस पुढं सरकला होता, त्यावर बोंब झाली, पावसाळ्यात पुन्हा शेतं फिरून तारखा दुरुस्त केल्या. आता डायरेक्टरची माणसं चिडलीत. एकानं कोयता टेबलात रोवला. माझ्या डोक्यावर तेवढी फळी. बाहेर आले तर घोरपडे घाम पुसत होते. तुकाअण्णा म्हणून एक बुटका शेतकरी, उन्हाळ्यात त्याचीच तारीख सगळ्यात जास्त मागं ढकलली होती, ती आता कुठं दुरुस्त झालेली, तो त्या कोयतेवाल्याला शांतपणे म्हणत होता, "मारायचं तर मार रं गड्या. पर तारीख आता बदलायची न्हाई."

२ ऑक्टो.
घोरपड्यांची फाईल आली. दुरुस्त्या सगळ्या पुऱ्या झाल्या म्हणाले, आता हीच पक्की, हंगामापर्यंत दुसरी येणार नाही. टेपवर उतरवली, मशीनवरची पुसली. जागा नाही. दुसरी टेपही नाही.

११ ऑक्टो.
काल घट बसले. या महिन्यात तीन नवी माणसं आली. दादानं पहिल्यांदाच कुणाला तरी सांगताना "आमच्या शोभाचा धंदा" असं म्हटलं. मी आतून ऐकलं. आनंद झाला, आणि इतक्याशा शब्दाचा आनंद झाला म्हणून स्वतःचा रागही आला.

१८ ऑक्टो. खंडेनवमी
हात सुजलाय, जमेल तसं लिहिते.
सकाळी दादानं पूजा मांडली. बाबांच्या वर्कशॉपपासूनची रीत. सगळी हत्यारं पुसून ओळीनं ठेवायची, हळदकुंकू, अक्षता, फूल, आणि दसऱ्याला सीमोल्लंघन होईपर्यंत एकालाही हात लावायचा नाही. बाबांचे पाने-हातोडे होते तोवर ठीक. आता टाइपरायटर, कॉम्प्युटर, टेपचा ड्राइव्ह, आणि ओळीत माझ्या टेपा. मी म्हटलं, ड्राइव्हवर कुंकू नको, फूल ठेव हवं तर. तो हसला. "त्यालाच तर जास्त पाहिजे, तुझं पोट त्याच्यावर." चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू, बरोबर फटीवर. मग टेपांवर. मग दूर्वेनं पाणी शिंपडलं.
मी गप्प बसले. सणाला तोंड कशाला वाजवा म्हणून.
दुपारी पलूसच्या शिपायाचा फोन. गट ऑफिस पेटवलं. डायरेक्टरची माणसं, नक्की कोण ते कुणी सांगत नाही. घोरपड्यांच्या डोक्यात दगड, सहा टाके. कॉम्प्युटर जळून कोळसा. तोडीचा कार्यक्रम उद्या-परवा लावायचा, फाईल आत्ताच्या आत्ता पाहिजे.
मी ड्राइव्हकडे गेले. दादा आडवा आला. उद्या संध्याकाळी, म्हणाला. मी म्हटलं, याच्यासाठीच तर लोक आपल्याकडे ठेवतात, आजच्या दिवसासाठी. तो म्हणाला, पूजेतलं हत्यार उचलायचं नाही म्हणजे नाही, घरात वाईट होतं. मी त्याला ढकललं. त्यानं माझ्या थोबाडीत मारली, लहानपणानंतर पहिल्यांदा. मी पूजेतला तांब्या फेकला. त्याची भुवई फुटली. वहिनी मधे पडली, तिला कोपर लागलं. पाणी, अक्षता, रक्त, सगळं एका चटईवर. मी खोलीचं दार आतून लावलं, फुंकर मारून कुंकू उडवलं, टेप घातली.
ड्राइव्ह किंचाळला. दुसरा शब्द नाही त्या आवाजाला. टेप ओढून काढली तर ओली हळद आणि कुंकू तिच्यावर रगडून बसलेलं, पिवळं-लाल, पार आतपर्यंत. हात भिंतीवर आपटला तो तेव्हा.

१९ ऑक्टो. दसरा
वहिनीनं सोनं दिलं नाही. दादाच्या भुवईवर पट्टी, माझ्या हातावर पट्टी. गल्लीतले येऊन आपट्याची पानं देऊन गेले.
घोरपडे स्वतः जीपनं आले, डोक्याला पांढरं फडकं. खरं ते सांगितलं. टेप खराब झालीय, ड्राइव्ह गेला, पण फाईल त्यात आहे, दोन दिवस द्या, काढून देते. त्यांनी खुर्ची लाथेनं उडवली. "हळदकुंकू? मशीनला? म्या हितं डोस्कं फोडून घेतलं आन् तुमी पूजा मांडलाय व्हय?" मग मला माहीत नव्हतं ते सांगितलं. जूनमधे त्यांनी एक फाईल महेशकडेही ठेवली होती, फुकट होतं म्हणून. त्याला फोन केला. तो सणाच्या दिवशी साताऱ्याहून निघालाय, फाईल घेऊन.
मी म्हटलं, जूनच्या फाईलमधे दुरुस्त्या नाहीत. ते म्हणाले, "आज हातात हाय तीच फाईल."
जीप गेली. मी जिन्यावर बसले. रडले नाही. दात एवढे आवळले की अजून दुखतायत.

२१ ऑक्टो.
काल कोल्हापूरहून दुसरा ड्राइव्ह आणला, बांगडी देऊन. कुणाला सांगितलं नाही. आज टेपची डबी उघडून वीत-वीत पुढं सरकवत कापसानं, स्पिरिटनं पुसली. दुखऱ्या हातानं पूर्ण दिवस. दादा दारात येऊन उभा राहिला, गेला, परत आला, दिव्याचा बल्ब मोठा लावून दिला.
संध्याकाळी टेप वाचली गेली. सगळी. एक नाव गेलं नाही. तुकाअण्णा शोधला, आहे, दुरुस्त तारखेसकट.
घोरपड्यांना फोन लावला. म्हणाले, आता नको, कार्यक्रम लागला. फोन खाली.

२३ ऑक्टो. सातारा
महेशला भेटायला गेले. भेटायला म्हणजे भांडायला. पोवई नाक्याजवळ काचेचं दार, गार हवा, एक मुलगी हसून विचारते काय हवंय. महेशनं उठून नमस्कार केला. मी सरळ विचारलं, चुकीची फाईल दिलीस हे तुला माहीत होतं का. हो म्हणाला. जून लिहिलं होतं तिच्यावर, सांगितलंही त्यांना.
मी म्हटलं, माझ्याकडे बरोबर होती. यावर तो जे बोलला ते इथं लिहून ठेवते, कारण ते आठवलं की माझी हाडं जळतात.
"शोभाताई, तुम्ही बरोबर असता. मी हजर असतो. माणसाचं घर पेटल्यावर तो बरोबर कोण ते बघत नाही."
टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलला आणि दारावर मारला. काच खळकन खाली. ती मुलगी किंचाळली. महेश हलला नाही. म्हणाला, बसा, हाताला लागलंय तुमच्या. एसटीत पूर्ण वाट खिडकीला डोकं लावून विचार केला. तो चोर आहे, फुकट्या आहे, आणि तरी खोटं काही बोलला नाही. लोक ठेवायला देत नाहीत, परत घ्यायला देतात. ते मला ठाऊक होतं, तरी मी सणासाठी तोंड मिटून बसले. पण हजर राहून चुकीचं हातात ठेवणं, तेही परत देणं का?

२६ ऑक्टो.
कारखान्यानं मोळी टाकली, हंगाम सुरू. तोड जूनच्या फाईलप्रमाणे. डायरेक्टरच्या पाव्हण्यांचा ऊस पहिला. पलूसहून बातमी, तुकाअण्णा ऊसतोड टोळीच्या ट्रॅक्टरपुढं आडवा झोपला, त्याला उचलून बांधावर टाकलं आणि उसाच्या दांड्यांनी मारलं. हात मोडला. दोघं-तिघं आणखी दवाखान्यात.
माझ्या कपाटात त्याची तारीख आहे.

२८ ऑक्टो.
तुकाअण्णा आला. हात गळ्यात बांधलेला, ओठ फाटलेला, बरोबर बायको. एसटीनं आला तशात. जिना चढून आधी दम खाल्ला. घोरपडे तोंड दाखवत नाहीत म्हणाला, शिपायानं कानात सांगितलं की सांगलीला एक बाई हाय, तिच्याकडं खरी फाईल हाय.
"ताई, आमची तारीख तुमच्याकडं हाय म्हनं."
मी म्हटलं, फाईल कारखान्याची आहे, त्यांनी ठेवायला दिलीय, तुम्हाला दाखवता येत नाही. असा नियमच आहे माझा, एकाचं दुसऱ्याला नाही, त्यावर तर धंदा. त्यानं मान हलवली. समजलं म्हणाला. मग त्याची बायको बोलली. "आवं, लागण आमी केली. कारखान्यानं न्हाई. माज्या हातानं लावल्यात कांड्या."
पाणी दिलं. गेले. मी नियम पाळला.

३० ऑक्टो.
महेश साताऱ्याच्या सिव्हिलमधे. त्याची मुंबईची कंपनी बंद पडली, न सांगता. सगळ्यांच्या फायली गेल्या. वाईच्या एका छापखानेवाल्याचं वर्षाचं काम त्यात होतं, तो माणसं घेऊन आला, दुकान फोडलं, महेशच्या बरगड्या मोडल्या. मी फोडलेल्या दाराला नवी काच बसली होती, तीही गेली.
आनंद व्हायला हवा होता. दवाखान्यात फोन केला. कण्हत म्हणाला, "ताई, मी तरी काय करणार, माझ्याकडे ठेवलेलं नव्हतंच काही."
मूर्ख. चांगलं लिहायचा पत्रकं.

१ नोव्हें.
घोरपडे आले. बरोबर डायरेक्टरचा पुतण्या, गळ्यात जाड साखळी, माझ्या खुर्चीवर बसला. म्हणाला, महेशचं गेलं, आता पूर्ण कारखान्याचं काम तुमच्याकडं, बारा गटांचं, पाच वर्षांचा करार, आज सही करू. मला वाटलं कानात काहीतरी झालं. दादा पुढच्या खोलीतून उठून आला. टायपिंगची टकटक थांबली.
मग दुसरं. २ ऑक्टोबरची ती फाईल काढून टाकायची. टेपवरूनसुद्धा. आमच्यासमोर. पुतण्या म्हणाला, "चुकून ऱ्हायली आसंल, चुकून जाऊ द्या. तुमच्याकडं कुंकू पडतंयच की टेपवर." हसला. घोरपडे जमिनीकडे बघत होते, टाके अजून काढलेले नाहीत.
मी म्हटलं, उद्यापर्यंत सांगते. पुतण्या उठताना माझ्या टेपांवरून बोट फिरवत गेला, एकेक मोजल्यासारखं.
ते गेल्यावर दादा म्हणाला, उडव की ती. कुणाला कळणार. करार होतोय, दिवाळी चार दिवसांवर, र.पूरचे चुलते भाऊबीजेला येतो म्हणालेत. "तुला परत जायचंय का तिथं?" ओरडला नाही. रडवेला झाला होता. त्याला वाईट वाटतंय हे दिसलं, आणि तो बरोबर बोलतोय हेही. करार म्हणजे मी इथं. नाही म्हणजे र.पूर. मधलं काही नाही.
टेप हातात घेऊन बसले. पुसायला एक बटण. लोक माझ्याकडे ठेवतात ते मी ती पुसणार नाही म्हणून. एकदा पुसली की माझ्यात आणि त्या मुंबईच्या कंपनीत फरक काय? त्यांनी न सांगता पुसलं, मी पैसे घेऊन. पण हे पोटाला सांगून बघ, शोभे. वेणीला सांगून बघ.

३ नोव्हें.
काल पुतण्याचा फोन आला. नाही म्हटलं. शिव्या दिल्या, मीही दिल्या, त्याच्याहून घाण. वहिनी देवघरात कान झाकून बसली.
मग मी पलूसला तुकाअण्णाच्या घरी निरोप धाडला. फाईल देणार नाही. यादी देणार नाही. पण ज्याची तारीख त्याची. स्वतः येऊन, नाव, गाव, गट नंबर सांगायचा, त्याला त्याचीच तारीख छापून मिळेल, दुसऱ्याची नाही. असा नियम आधी नव्हता. काल केला.
सकाळी तुकाअण्णा आणि बायको पहिल्या एसटीनं. कागद त्यानं डाव्या हातानं घेतला, बायकोकडे दिला, तिनं कपाळाला लावून पोलक्यात ठेवला. मग आणखी आले. आता जिन्यात रांग, खाली रस्त्यापर्यंत. एक आला तो शेजाऱ्याची तारीख मागत होता, हाकलला. घोरपड्यांचा फोन आला, हळू आवाजात, फाईल कारखान्याची आहे बाई, तुमच्यावर केस होईल. मी म्हटलं, फाईल तुमची, जपून ठेवलीय, मागाल तेव्हा मिळेल. तारीख त्यांची. त्यांनी आवाज आणखी खाली आणला. मग म्हणाले, डायरेक्टरची जीप निघालीया, दार लावून घ्या.
दार लावलं तर रांग बाहेर राहते.
प्रिंटर हळू आहे, एकेक कागद बाहेर येईपर्यंत हे लिहितेय. जीप आली. खाली ओरडा, काहीतरी फुटलं, टायपिंग क्लासच्या पोरी मागच्या बाजूनं पळाल्या. रांगेतले कुणी हलले नाहीत, उलट वरच्या पायऱ्यांवर दाटीनं चढले. दादा खाली गेलाय. जाताना बाबांच्या वर्कशॉपमधला मोठा पाना घेऊन गेला, माझ्याकडे बघितलं नाही. कुणाच्या बाजूनं गेला ते मला माहीत नाही.
खालच्या शटरवर काठ्या पडतायत. समोर एक म्हातारी उभी, टेबलाला दोन्ही हातांनी धरून नाव सांगते आहे, आवाजात आडनाव ऐकू येत नाही. तिला म्हटलं, परत सांगा आजी, मोठ्यांदा.